अंधारकोठडीतून सुटका: नवख्या टीमच्या गेमला काय सांगावं?

"मुलाने कॉलेजातल्या मित्रांबरोबर शनिवार-रविवार जागून एक कॉम्प्युटर गेम केलाय. तळघरात कोंडलेल्या कैद्याला बाहेर काढायचं. मला खेळायला दिला, तर मी दोन-तीनदा मेलो आणि बंद केला. आता तो सारखा विचारतोय, कसा वाटला? काय सांगू त्याला?"

हा प्रश्न पालकांना पडतो, तसा कॉलेजातल्या शिक्षकांना, थोरल्या ताईला, शेजारच्या वर्गमित्रालाही पडतो. "छान आहे" म्हटलं की पोरांना लगेच कळतं, यांनी पहिली खोलीसुद्धा ओलांडलेली नाही. "बोअर आहे" म्हटलं तर ती हिरमुसतात, आणि दुरुस्ती नेमकी कशाची करायची हे तरीही कळत नाही. दोन्ही उत्तरांत गेमविषयी काहीच नाही, ही खरी अडचण.

कामाचा अभिप्राय द्यायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. उलट ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही, असा माणूस नवख्या टीमला फार मोलाचा असतो. तो का, ते पुढे येईलच. आधी हे दोन दिवसांचं प्रकरण समजून घेऊ.

१. दोन दिवसांत गेम होतो तरी कसा?

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, गेम बनवून दाखवायचा मेळावा. सुरुवातीला एक विषय जाहीर होतो आणि घड्याळ सुरू होतं. 'लुडम डेअर' हा जॅम २००२ पासून इंटरनेटवर भरतो. 'ग्लोबल गेम जॅम' २००९ साली सुरू झाला. तो वर्षाच्या सुरुवातीला जगभरच्या शहरांत, कॉलेजांत आणि ऑफिसांत भरतो आणि त्यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. लुडम डेअरमध्ये मात्र भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून मजा, नावीन्य, विषय, चित्रं, आवाज, विनोद, वातावरण अशा सदरांखाली गुण देतात. तुम्ही दुसऱ्यांचे गेम जितके खेळाल तितका तुमचा गेम इतरांच्या नजरेस येतो, आणि वीसेक जणांनी गुण दिल्याशिवाय अंतिम क्रमांक लागत नाही. म्हणजे अभिप्राय देणं हा तिथे खेळाचाच भाग आहे.

ठरावीक दिवसांत एकत्र बसून काहीतरी चालतं करून दाखवायचं, ही कल्पना आपल्या नाशिकला परकी नाही. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने इथे 'कुंभथॉन' भरलं होतं. गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर तरुणांनी थोडक्या दिवसांत उपाय उभे करायचे, असा तो बेत होता. आणि त्याहून जुनं उदाहरण हवं असेल, तर साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळं केलं. कोठडीत बसून पाच दिवसांत! अर्थात त्यांच्यापाशी लेखणी चालवण्याचा सराव होता. आपल्या पोरांना बहुतेक वेळा लेखणी धरण्यापासून सुरुवात करायची असते.

त्यांच्या वेळेचा हिशेब मांडून बघा. ४८ तासांतले बारा झोपेत गेले, सहा जेवणखाण, चहा आणि वादावादीत. उरले तीस. शेवटचे चार तास गेम एका फाइलीत बांधून, वेबसाइटवर चढवून, तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडतोय का हे पाहण्यात जातात. उरले सव्वीस. टीम पहिल्यांदाच 'गोदो' किंवा 'युनिटी' वापरत असेल (गेमची हालचाल, टक्कर, आवाज वगैरे सांभाळणारी ही तयार सॉफ्टवेअरं), तर त्यातलेही निम्मे शिकण्यात संपतात. म्हणजे तुमच्या हातात आहे ते तेरा-चौदा तासांचं काम. त्याला बाजारातल्या गेमच्या मापाने मोजलं तर मापणाराच चुकला.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक चिमुकली फिल्म केली होती. वाटाण्याचं रोप उगवताना थांबून थांबून एकेक चौकट टिपली, आणि पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं. भांडवल देऊ शकणाऱ्यांना त्यांनी ही फिल्म दाखवली. त्यात कथा कुठे आहे, असं विचारायचं काही कारणच नव्हतं. या माणसाला हे जमतं, एवढं त्यातून दिसलं. जॅममधला गेम असाच पाहावा. त्यात काय उगवू पाहतंय ते शोधायचं.

२. पहिल्या गेमात कोठडीच का असते?

सुटकेची गोष्ट कोणाला आवडत नाही? आग्र्याहून सुटका आपण शाळेत शिकलो. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि गोळी लागून जखमी झाले, ती हकीकत सांगली भागात अजून रंगवून सांगतात. कोंडलेल्याला बाहेर पडायचं असतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नवख्या टीमची गोष्ट सांगायची निम्मी मेहनत इथेच वाचते.

उरलेली निम्मी भिंती वाचवतात. उघड्या मैदानाचा गेम केला तर डोंगर, झाडं, आकाश, लांबचं गाव, सगळं काढावं लागतं, शिवाय खेळणारा भलतीकडे निघाला तर त्याला अडवायचं कसं हा प्रश्न. तळघरात एक दगडी चौकोन काढला की तोच शंभर वेळा लावता येतो. १९८० च्या सुमाराचा 'रोग' हा गेम तर तळघर निव्वळ टाइप केलेल्या चिन्हांनी रेखाटायचा. खेळणारा म्हणजे एक @. त्याच्या काही वर्षं आधी विल क्राउदर या प्रोग्रॅमरने अमेरिकेतल्या केंटकीमधल्या खऱ्याखुऱ्या मॅमथ गुहेवरून एक गेम रचला, त्यात चित्र अजिबातच नव्हतं, नुसती वाक्यं. आणि नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवत असेल: साठ मिनिटांची मुदत, राजपुत्र तळघरात, हातात तलवारसुद्धा नाही.

तेव्हा "पुन्हा तळघरच?" असा शेरा मारू नका. पहिल्या गेमसाठी ती शहाणपणाची निवड आहे.

३. एक नमुना घेऊ

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून एक गेम कल्पू. नाशिकच्या एका कॉलेजातल्या चौघांनी तो केला असं समजा. त्यांच्यातल्या कोणीही आधी गेम केलेला नाही. जॅमचा विषय 'संपत चाललंय'.

एका डोंगरी किल्ल्याच्या तळघरात एक मुलगा कोंडला आहे. हातात पणती. पणतीभोवती उजेडाचं वर्तुळ, आणि तेल संपत जातं तसं ते वर्तुळ लहान होत जातं. एकूण सहा खोल्या. तिसऱ्या खोलीत किल्ली आहे, चौथीत पहारेकरी फेऱ्या घालतो, पाचवीत खड्डा आहे आणि सहावीत दरवाजा. किल्ली घेऊन दरवाजा गाठला की सुटलात. पहारेकऱ्याने पाहिलं, खड्ड्यात पडलात किंवा तेल संपलं, की पहिल्या खोलीपासून पुन्हा.

कल्पना छान आहे, हे आधी कबूल करू. विषय नुसता नावाला चिकटवलेला नाही. संपत चाललेलं तेल हाच गेम आहे. उजेड आणि वेळ या दोन गोष्टी त्यांनी एकाच पणतीत बसवल्या. कोपऱ्यात वेगळं घड्याळ टिकटिकत ठेवावं लागलं नाही.

४. अंधार कोणासाठी?

आता हा गेम एखाद्या काकूंना खेळायला द्या आणि मागे उभे राहा. पहिल्या खोलीत त्या बाणाची बटणं दाबून फिरतात. जमलं. तिसऱ्या खोलीत किल्लीच्या अगदी अंगावरून जातात आणि पुढे निघतात. सहाव्या खोलीत दरवाजा उघडत नाही. परत मागे. तेल संपतं.

चौघांपैकी एक जण मागून कळवळतो, "अहो, ती काय, किल्ली होती की!" होती. पण राखाडी दगडावर राखाडी किल्ली होती, आणि ती उचलायला एक्स बटण दाबायचं हे गेममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याने किल्ली तिथे ठेवली त्याला ती अंधारातही दिसते. गेल्या दोन रात्री त्याने तीच उचलली आहे.

जुन्या नाशकात पाहुण्याला पत्ता सांगताना असंच होतं. "रविवार कारंजावरून आत या, पिंपळापाशी डावीकडे वळा." पिंपळ पडून दहा वर्षं झाली, सांगणाऱ्याच्या डोक्यात तो उभाच असतो. पाहुणा गल्लीत दोन फेऱ्या मारतो आणि आपल्यालाच काही कळत नाही असं समजून फोन करतो.

नवख्या टीमच्या तळघरातल्या दहा अडचणी काढल्या तर त्यांतल्या बहुतेक याच घरातल्या निघतात. कोणतं बटण दाबायचं, कशाला हात लागतो, पहारेकऱ्याला किती लांबचं दिसतं, दार बंद आहे की ती नुसती भिंत आहे. बनवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून ते सांगायचं राहिलंय हेच त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला ते कोणीतरी बाहेरचंच दाखवू शकतं, आणि तेही एकदाच. काकूंना एकदा किल्ली सापडली की त्यांचीही नजर टीमसारखी होते. म्हणून पहिल्यांदा खेळताना जिथे जिथे अडलात ते लगेच टिपून ठेवा. दुसऱ्या फेरीत ते आठवणार नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. किल्ली शोधायला लागणं ही मजा असू शकते. किल्ली उचलता येते हेच न कळणं, यात मजा नसते. "कुठे असेल?" हा प्रश्न गेमने विचारलेला असतो, "कोणतं बटण?" हा प्रश्न गेम सांगायचा विसरलेला असतो. अभिप्राय देताना आपला वेळ कोणत्या प्रश्नात गेला तेवढं सांगितलं तरी टीमचं निम्मं काम होतं.

५. मरण किती महाग?

"गेम फार अवघड आहे" ही सर्वांत नेहमीची तक्रार. बऱ्याचदा ती खरी नसते. अवघड असतं ते परत येणं.

पाचव्या खोलीतला खड्डा घ्या. आधीच्या चार खोल्या पार करायला प्रत्येकी ४० सेकंद धरू, म्हणजे १६० सेकंद. खड्ड्यावरून उडी मारायचा एक प्रयत्न ८ सेकंदांचा. उडी जमायला दहा प्रयत्न लागतात असं समजा. पडलं की पहिल्या खोलीपासून, म्हणून एका प्रयत्नाची किंमत १६८ सेकंद. दहांची १,६८० सेकंद, म्हणजे २८ मिनिटं. त्यातली खड्ड्याशी झुंज फक्त ८० सेकंदांची. बाकी सव्वीस-सत्तावीस मिनिटं माणूस आधी सोडवलेलंच पुन्हा सोडवत बसला.

आता पाचव्या खोलीच्या दारात चेकपॉइंट ठेवा, म्हणजे मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू. १६० अधिक ८०, म्हणजे २४० सेकंद. चार मिनिटं. खड्डा तेवढाच रुंद आहे, उडी तेवढीच अवघड आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला राजपुत्र मेला की त्या टप्प्याच्या सुरुवातीला परत जायचा, पण साठ मिनिटांचं घड्याळ पुढेच चालत राहायचं. मरणाची किंमत वेळेत मोजली जात होती, तरी आख्खा खेळ पहिल्यापासून खेळावा लागत नव्हता. आपल्या टीमलाही तसं करता येईल: चेकपॉइंट द्या, आणि मेल्यावर थोडं तेल कमी करा. विषयही शाबूत राहतो.

पण हा माझा उपाय झाला. तो सांगावा की नाही, त्याकडे आपण आठव्या भागात येऊ.

६. एक दशांश सेकंदाची माया

काकू पुन्हा पाचव्या खोलीत पोचल्या. धावत आल्या, काठावर उडीचं बटण दाबलं, आणि मुलगा सरळ खड्ड्यात. "मी दाबलं होतं!" असं त्या म्हणतात. टीम म्हणते, उशिरा दाबलंत. दोघंही खरं बोलताहेत.

पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने काढलं जातं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मुलाचा पाय काठावरून सुटला, त्याच्या पुढच्याच फ्रेमला बटण दाबलं गेलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी तो हवेत आहे, आणि हवेतून उडी मारता येत नाही. माणसाला मात्र एक साठांश सेकंद दिसतच नाही. त्याच्या लेखी पाय काठावरच होता.

यावर अनुभवी लोक एक प्रेमळ लबाडी करतात: पाय सुटल्यावरही थोडा वेळ उडी मान्य करतात. 'सेलेस्त' हा उड्यांच्या अवघडपणासाठी नावाजलेला गेम. त्याच्या प्रोग्रॅममध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे, म्हणजे सहा फ्रेमची. आपल्या तळघरातला मुलगा सेकंदाला पाच चौकोन पळत असेल तर एवढ्या वेळात तो अर्धा चौकोन पुढे गेलेला असतो. खेळणाऱ्याला ते कळत नाही. त्याला फक्त "जमलं!" असं वाटतं. त्या 'सेलेस्त'चंही पहिलं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत केलेलं होतं. पूर्ण गेम २०१८ ला आला.

काकूंना सहा फ्रेम वगैरे काही माहीत असायची गरज नाही. "काठावर दाबलं तरी पडले, तीनदा" एवढं त्यांनी सांगितलं की पुढचं टीमला इंटरनेटवर सापडतं.

७. उडीच काढून टाकली तर?

अमेरिकेतल्या डिजिपेन या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली 'नार्बॅक्युलर ड्रॉप' नावाचा गेम केला. राक्षसाने पळवलेली राजकन्या तळघरात कोंडली आहे, तिला बाहेर पडायचंय. आपल्या चौघांच्या गेमचा हा थोरला भाऊच. त्यात भिंतीवर दोन भोकं पाडता येतात; एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. सगळा खेळ या भोकांभोवती रचलेला होता, आणि राजकन्येला उडी मारताच येत नव्हती. कारण? तिला गुडघेच नाहीत. नावच 'नो-नीज'.

मला हा गुडघ्यांचा विनोद फार आवडतो. भोकांचा गेम करायचा तर उडीवर वेळ कशाला घालवायचा, एवढा साधा विचार त्यामागे दिसतो, आणि उणीव झाकण्याऐवजी त्यांनी तिचं पात्र करून टाकलं. व्हॉल्व्ह या कंपनीने ही टीम उचलून नोकरीवर घेतली आणि २००७ साली त्याच कल्पनेतून 'पोर्टल' हा गेम आला.

'पोर्टल' करताना लोकांना खेळायला बसवून पाहिलं जायचं. एका टप्प्यात एक पेटी शेवटपर्यंत सोबत न्यावी लागते. खेळणारे ती मध्येच कुठेतरी टाकून पुढे जायचे आणि मग अडकायचे. टीमने सूचनांची पाटी लावली नाही. पेटीवर गुलाबी हृदय काढलं, आणि गेममधल्या आवाजाकरवी तिच्याविषयी माया वाटेल असं वदवलं. लोक पेटी सोडेनात. पुढे ती पेटी गेमच्या नायिकेइतकी प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात "लोक पेटी विसरतात" या एका निरीक्षणातून झाली.

आपल्या चौघांना म्हणूनच एक गोष्ट जरूर विचारावी: खड्डा हवाच आहे का? गेम पणतीचा आहे. उडीसाठी त्यांनी सहा तास घातले असतील, आणि नेमकी तीच खोली सर्वांत कच्ची उतरली आहे.

८. सांगायचं कसं?

क्रम साधा ठेवावा. आधी काय केलं, मग काय वाटलं, आणि सर्वांत शेवटी, मनात असेल तर, उपाय.

"पहारेकरी फालतू आहे" हा निकाल झाला. त्याऐवजी: "चौथ्या खोलीत चार वेळा पकडलो गेलो. त्याला मी दिसलो कसा, ते एकदाही कळलं नाही." दुसऱ्या वाक्यातून टीमला तीन गोष्टी मिळतात: जागा, किती वेळा, आणि काय कळलं नाही. तसंच "ग्राफिक्स सुधारा" हे कोणाच्याच कामाचं नाही; "किल्ली आणि दगड एकाच रंगाचे दिसले" हे अर्ध्या तासात दुरुस्त होतं.

उपायाबाबत मात्र जपून. "चेकपॉइंट द्या" हा बहुतेक वेळा चांगला सल्ला असतो. पण "बंदूक द्या", "मल्टिप्लेअर करा", "कथा वाढवा" हे सल्ले म्हणजे आपल्या आवडीचा दुसराच गेम मागणं. अडचण खेळणाऱ्याने सांगावी, उपाय बनवणाऱ्याने शोधावा, असा या धंद्यातला रूढ शिरस्ता आहे. मी तो शंभर टक्के मानत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घडत असताना तो करणाऱ्या जॉर्डन मेकनरला त्याची सहकारी टोमी पिअर्स पुन्हा पुन्हा सांगत होती की यात मारामारी हवी. हा थेट उपायच होता. तो म्हणायचा, अॅपल टू या कॉम्प्युटरच्या मेमरीत आणखी एका पात्राला जागाच नाही. शेवटी राजपुत्राचीच चित्रं वापरून त्यातून एक सावली उभी राहिली, ती राजपुत्राची वैरी झाली, आणि पुढे जागा काढून तलवारधारी पहारेकरीही आले. आज तो गेम आठवतो तो त्या तलवारबाजीसाठी. पण टोमी पिअर्सने तो गेम घडताना वेळोवेळी पाहिला होता. पाच मिनिटं खेळून बंदूक मागणाऱ्याने तिचा दाखला देऊ नये.

चांगलं काय ते सांगतानाही नेमकेपणा हवा, कारण दुरुस्तीच्या भरात टीम चांगलंच कापून टाकते. आपल्या नमुन्यात पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज हेडफोनमध्ये तो ज्या बाजूला असेल त्याच बाजूने येतो. कडी उघडल्याचा आवाज त्यांनी हॉस्टेलच्या लोखंडी कपाटाची कडी मोबाइलवर रेकॉर्ड करून घातला आहे. हे आवर्जून सांगा. नाहीतर पुढच्या वेळी ते इंटरनेटवरून कुठला तरी तयार आवाज उतरवून घालतील.

९. टीमने काय करावं?

गप्प बसावं. सर्वांत अवघड काम हेच. समोरचा अडला की जीभ वळवळते, "एक्स दाबा ना!" पण गेम इंटरनेटवर गेला की प्रत्येकाच्या मागे तुम्ही उभे राहणार नाही आहात. वही घ्या, खेळणारा कुठे थांबला आणि काय पुटपुटला ते लिहा. तो उठल्यावर एकच प्रश्न विचारा: काय चाललंय असं तुम्हाला वाटत होतं?

वाद घालू नका. "ते मुद्दाम तसं ठेवलंय" हे वाक्य खरं असलं तरी काही साधत नाही. मुद्दाम ठेवलेलं समोरच्याला मुद्दाम वाटलं नाही, ही माहिती आहे. मग मोजा. एकाला पहारेकरी दिसला नाही तर तो कदाचित चष्मा विसरला असेल. पाचांतल्या चौघांना दिसला नाही, तर दोष पहारेकऱ्याचा.

आणि जॅम संपल्यावर सगळंच दुरुस्त करत बसायची गरज नाही. तीन गोष्टी निवडा, त्या करा, पुढच्या गेमला लागा.

१०. एक अभिप्राय

वरचं सगळं एकत्र केलं तर आपल्या काल्पनिक टीमला लिहायचा अभिप्राय साधारण असा होईल:

"गेम सुमारे पंचवीस मिनिटं खेळलो. शेवटपर्यंत पोचलो नाही, पाचव्या खोलीत सोडला.

पणतीचं वर्तुळ लहान होत जातं ते मला गेम बंद करेपर्यंत जाणवत राहिलं. तेल किती उरलंय ते आकड्यात न सांगता कळतं, हे फार आवडलं. पावलांचा आवाज उजवीकडून आला तेव्हा खरंच थबकलो.

पहिल्या वेळी किल्ली दिसली नाही, दुसऱ्या वेळी दिसली पण उचलता येईना. एक्स बटण चुकून सापडलं. चौथ्या खोलीत चारदा पकडलो गेलो; पहारेकऱ्याला उजेड दिसतो की मी, हे कळलं नाही. उजेड दिसत असेल तर पणती झाकता येईल का, असं तेव्हा मनात आलं होतं. खड्ड्यात सहा वेळा पडलो. त्यातल्या निदान तीन वेळा उडी दाबली होती असं वाटलं. प्रत्येक वेळी पहिल्या खोलीपासून यावं लागलं, म्हणून सातव्यांदा बंद केला. खड्ड्याचा कंटाळा आला नव्हता, वाटेचा आला होता.

एकदा तेल संपलं त्याच क्षणी पहारेकऱ्याने पकडलं, तेव्हा पडदा काळा होऊन तसाच राहिला. गेम बंद करून उघडावा लागला.

पुढची आवृत्ती केलीत तर कळवा, सहावी खोली पाहायची राहिली आहे. विंडोजच्या जुन्या लॅपटॉपवर खेळलो, माउस नव्हता, हेडफोन होते."